पद्मिनीचं इंजिन बांधताना: कार्बोरेटर की इंजेक्शन?

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा तिची थोरली बहीण फियाट ११०० डिलाइट घरात असेल, तर कधी ना कधी इंजिन खोलावं लागतंच. बोअर घासलेलं असतं, रिंगा गेलेल्या असतात, सायलेन्सरमधून निळा धूर येत असतो. इंजिन टेबलावर सुटं पडलं की मालकाच्या मनात प्रश्न येतो: आता एवढा खर्च करतोच आहोत, तर कार्बोरेटर काढून इंजेक्शनच बसवावं का?

हे इंजिन मुळात फियाटचं, पण वाढलं कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी त्याच्याकडून जेवढं काम करून घेतलं, तेवढं क्वचितच कुठल्या इंजिनाच्या वाट्याला आलं असेल. त्यातली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली.

कार्बोरेटरचं काम साधं आणि सुंदर आहे. पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते. अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर चढतं. वीज नको, सेन्सर नको. उणीव एवढीच, की त्याला बाहेरचं काही कळत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा मुंबईपेक्षा एक दशांशाहून जास्त विरळ असते, पण जेट पेट्रोल जवळजवळ पहिल्यासारखंच सोडतं. मिश्रण श्रीमंत होतं, प्लग काळे पडतात. इंजेक्शन हे जाणतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तपासतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे कंप्युटर ठरवतो. १९६७मध्ये बॉशची अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, अर्थात ऑक्सिजन सेन्सरविना, फोक्सवॅगनच्या १६०० गाडीत आली. आपल्याकडे मारुती ८००सुद्धा वर्षानुवर्षं कार्बोरेटरवरच धावली.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: इंजिन मूळ स्वरूपात बांधत असाल, तर कार्बोरेटर ठेवा. इंजेक्शन म्हणजे फक्त इंजेक्टर नव्हे. मूळ यांत्रिक पंपाचा दाब त्याला पुरत नाही, म्हणून विजेवर चालणारा पंप हवा, बहुतेक यंत्रणांत टाकीकडे परतणारी नळीही. क्रँकची जागा कळावी म्हणून दातेरी चकती आणि सेन्सर लागतो. जुन्या गाडीत डायनॅमो असेल तर तो सिग्नलला उभं असताना पुरेशी वीज देत नाही, म्हणून अल्टरनेटर. एवढं करून मिळतं काय? थंडीत झटकन स्टार्ट, नीट आयडलिंग आणि थोडं मायलेज. आणखी एक गोष्ट. ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर २०२१च्या केंद्रीय नियमांना इंजिनात मोठे बदल चालत नाहीत.

कॅम, हेड, कॉम्प्रेशन सगळं बदलून इंजिनाची ताकद वाढवायची असेल किंवा गाडी रोज, वेगवेगळ्या उंचीवर चालवायची असेल, तर मात्र इंजेक्शनचा खर्च वसूल होतो.

बहुतेकदा दोष कार्बोरेटरचा नसतोच, त्याच्या झिजेचा असतो. थ्रॉटलचा शाफ्ट ढिला झाला की त्याच्या बाजूने हवा शिरते आणि मग स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग बसत नाही. माणसं वैतागून इंजेक्शनकडे वळतात ती इथेच. लेथवर नवीन बुश बसवून घेतलं, फ्लोटची पातळी लावली, जेट साफ केले की तोच कार्बोरेटर पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

खरी अडचण आजच्या पेट्रोलची आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण सात-आठ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शन ही तूट बरीचशी स्वतः भरून काढतं, कार्बोरेटरचा जेट आपल्याला बदलावा लागतो. ११५ नंबरचा मेन जेट १२० केला, तर छिद्राचं क्षेत्रफळ जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतं. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. इंजिन खुलं आहे तोवर नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर आधी फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा.