🚜 कंपनीच्या रिमवर रुंद टायर बसवायचा विचार करताय? आधी हे वाचा

रब्बीची नांगरट तोंडावर आली की टायरचे फोन सुरू होतात. या आठवड्यात सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "माझ्या ट्रॅक्टरला मागे १३.६-२८ आहे, चिखलात घसरतो. दुकानदार म्हणतोय, त्याच रिमवर १४.९-२८ बसतो. टाकू का?"

याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. ते तुमच्या रिमवर, तुमच्या पिकावर आणि ट्रॅक्टर टू-व्हील आहे की फोर-व्हील यावर ठरतं. मागच्या टायरची जोडी हा मोठा खर्च आहे, म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे. सावकाश वाचा आणि जपून ठेवा.

*१) टायरवरचे आकडे काय सांगतात*

१३.६-२८ मधला १३.६ म्हणजे टायरची रुंदी, इंचात. २८ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचात. मधे आडवी रेघ असेल तर टायर साधा (क्रॉस प्लाय), 'आर' असेल तर रेडियल. नवीन पद्धतीत हाच आकार ३४०/८५ आर २८ असा लिहितात, आणि १४.९ ला ३८०/८५ आर २८.

२८ जुळला म्हणजे टायर रिमवर चढतो. पण चढणं वेगळं आणि नीट बसणं वेगळं. त्यासाठी रिमची *रुंदी* बघावी लागते, आणि दुकानात नेमकी तीच कुणी विचारत नाही.

*२) रिमची रुंदी कशी बघायची*

रिमवर डब्ल्यू ११, डब्ल्यू १२, डब्ल्यू १३ असा ठसा असतो. चिखल, रंग खरवडून बघा. ठसा सापडला नाही तर टायर उतरवल्यावर रिमच्या दोन कडांमधलं *आतलं* अंतर मोजा. बाहेरून बाहेर मोजलं तर माप चुकतं.

साधारण जोड्या अशा (व्यास आणि रुंदी कंपनीप्रमाणे थोडी कमी-जास्त होते):

▪️ १२.४-२८ : रिम डब्ल्यू ११, रुंदी ३१५ मिमी, उंची १२६० मिमी
▪️ १३.६-२८ : रिम डब्ल्यू १२, रुंदी ३४५ मिमी, उंची १३१० मिमी
▪️ १४.९-२८ : रिम डब्ल्यू १३ (डब्ल्यू १२ चालतो), रुंदी ३७८ मिमी, उंची १३६५ मिमी
▪️ १६.९-२८ : रिम डब्ल्यू १५ एल, रुंदी ४२९ मिमी, उंची १४३० मिमीच्या आसपास

म्हणजे रिम डब्ल्यू १२ असेल तर १४.९ बसवता येतो. रिम डब्ल्यू ११ असेल तर १४.९ चा नाद सोडा. आणि डब्ल्यू १२ वर १६.९ तर कुणी फुकट दिला तरी नको.

*३) अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर काय होतं*

टायरच्या दोन्ही तारेच्या कडा आत ओढल्या जातात. त्यामुळे टायरचं पोट बाहेर फुगतं आणि जमिनीला लागणारा भाग गोल होतो. मग मधले दात जमिनीवर, कडेचे दात हवेत. पैसे १४.९ चे मोजले, पण जमिनीला पकड त्याहून बरीच कमी. मधली नक्षी लवकर झिजते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट, शेतात हवा कमी ठेवून जोर लावला की असा टायर रिमवरच फिरतो. टायर फिरला की आतली ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो.

*४) जागा आहे का, ते आधी मोजा*

१३.६ वरून १४.९ ला गेलं की टायर प्रत्येक बाजूने १६-१७ मिमी रुंद होतो आणि धुरा सुमारे २७ मिमी वर जातो. आकडा छोटा वाटतो, पण मडगार्ड, खालची लिंक आणि चेक चेन यांच्याशी अंतर तपासा. अवजार उचलून, दोन्ही बाजूला हलवून बघा. काळ्या मातीचा चिखल टायरला चिकटतो, म्हणून चारही बाजूंनी किमान दोन इंच मोकळी जागा हवी. जागा कमी पडत असेल तर डिस्क आणि रिम उलटसुलट करून चाकांमधलं अंतर वाढवता येतं. त्याचा तक्ता ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो.

*५) फोर-व्हील ट्रॅक्टरवाल्यांनी हा मुद्दा सोडू नका* ⚠️

फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने पळेल अशी गिअरची रचना असते. ही आघाडी साधारण १ ते ५ टक्के असते. त्यामुळे पुढची चाकं ट्रॅक्टरला ओढतात.

आता फक्त मागचा टायर १४.९ केला तर मागचं चाक एका फेऱ्यात ४ टक्के जास्त अंतर कापतं. समजा तुमच्या ट्रॅक्टरची आघाडी ३ टक्के होती. ती संपली, उलट पुढचं चाक १ टक्का मागे पडलं. मग पुढची चाकं ओढण्याऐवजी ब्रेकसारखी अडतात. स्टेअरिंग जड होतं, पुढचे टायर झिजतात आणि पुढच्या धुऱ्याच्या गिअरवर ताण येतो. हा खर्च टायरपेक्षा मोठा.

म्हणून फोर-व्हीलला बदल करायचा तर पुढचे-मागचे दोन्ही, आणि तेही कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या जोडीनेच. पुस्तिकेत जोडी नसेल तर विषय तिथेच थांबवा.

*६) वेग, ओढ आणि फवारणी*

चाक ४ टक्के मोठं म्हणजे त्याच गिअरला, त्याच आरपीएमला ट्रॅक्टर ४ टक्के जास्त पळतो आणि धुऱ्यावरची ओढ तेवढीच कमी होते. नांगराला हे फारसं जाणवणार नाही. फवारणीला जाणवतं. पीटीओवरचा पंप तेवढंच पाणी फेकतो, पण ट्रॅक्टर पुढे लवकर सरकतो. आधी एकरी २०० लिटर पडत असेल तर आता १९२ च्या आसपास पडेल. टाकीत औषध जुन्याच हिशोबाने टाकलं तर एकरी डोस कमी बसतो. टायर बदलल्यावर फवारणी यंत्राचं माप *पुन्हा* घ्या.

*७) तुमच्या ओळीत टायर मावतो का*

सोयाबीनची ओळ ४५ सेंमी, म्हणजे ४५० मिमी. मधोमध चालवला तर ३४५ मिमीच्या टायरला प्रत्येक बाजूला सुमारे ५२ मिमी उरतात. ३७८ च्या टायरला फक्त ३६ मिमी. स्टेअरिंग दीड इंच हललं की झाड गेलं. उभ्या पिकात ट्रॅक्टर घालणाऱ्यांना रुंद टायर तोट्याचा, उलट अरुंद टायर कामाचा. चार फुटी कापूस किंवा रुंद सरीच्या उसात ही अडचण कमी येते. द्राक्षबागेत मात्र ओळीतली मोकळी जागा, ठिबकची नळी आणि वेलीचा पसारा मोजूनच ठरवा.

*८) "रुंद टायरने जमीन दबत नाही", हे अर्धंच खरं*

जमिनीच्या वरच्या थरावर पडणारा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो. रुंद टायरचा फायदा एवढाच, की तेच वजन तो *कमी हवेत* पेलू शकतो. टायर रुंद घेतला आणि हवा पहिल्याइतकीच ठोकली, तर माती पहिल्यासारखीच दबणार. आणि खालच्या थरातला कडकपणा हा धुऱ्यावरच्या एकूण वजनाने येतो, तिथे टायर बदलून फार फरक पडत नाही.

जमीन वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वापसा. चार ते सहा इंच खोलीची माती घ्या, मुठीत दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर ट्रॅक्टर घाला. नुसता चपटा झाला तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या रानात कुठलाही टायर घातला तरी ढेकळं आणि तळाला कडक थर हेच पदरात पडतं.

*९) टायर घेण्याआधी घसर मोजून बघा*

यासाठी फक्त खडू आणि मोजपट्टी लागते.

👉 मागच्या टायरवर खडूने खूण करा.
👉 रानात अवजार वर उचलून १० फेरे चालवा, अंतर मोजा.
👉 त्याच रानात, त्याच गिअरला नांगर लावून १० फेरे चालवा, अंतर मोजा.
👉 दोन्हीतला फरक भागिले पहिलं अंतर, गुणिले १००.

उदाहरण: रिकामं ४१ मीटर, नांगर लावून ३३ मीटर. फरक ८. म्हणजे घसर साडेएकोणीस टक्के.

१० ते १५ टक्के घसर चांगली. त्याहून जास्त असेल तर आधी हे करून बघा:

✅ हवा तपासा. १३.६-२८ ला शेतात साधारण १२ ते १४ पीएसआय आणि ट्रॉली ओढताना १८ च्या आसपास ठेवतात. तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. ट्रॉलीची हवा भरून नांगरणारे खूप आहेत, त्यांची अर्धी अडचण इथेच सुटते.
✅ मागच्या टायरमध्ये ७५ टक्के पाणी भरा. व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की साधारण तेवढं होतं.
✅ चाकाची वजनं लावा. हलक्या कामाला ती काढून ठेवा, नाहीतर डिझेल वाया आणि जमीनही दबते.
✅ दात झिजून गेले असतील तर त्याच मापाचा नवीन टायर घ्या. बहुतेकांना खरी गरज याचीच असते.

एवढं करूनही घसर २० टक्क्यांच्या वर राहिली आणि रिम, जागा, पीक तिन्ही जुळत असतील, तर १४.९ चा विचार जरूर करा. ४०-५० एचपीच्या बऱ्याच मॉडेलना कंपनी १३.६ आणि १४.९ असे दोन्ही पर्याय देते. तुमच्या मॉडेलला तो आहे का ते पुस्तिकेत बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही, म्हणून मंजूर मापातच राहा. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरसाठी डीलरकडून लेखी घ्या.

*१०) टायर चढवताना जिवाला जपा* 🛑

हा भाग घरातल्या पोरांना आणि गड्यालाही वाचून दाखवा.

❌ कडा बसत नाही म्हणून ३५ पीएसआयच्या वर हवा भरू नका. तार तुटली किंवा रिम फुटला तर माणूस उडतो. कडा बसली नाही तर पूर्ण हवा सोडा, साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. ग्रीस, डिझेल लावू नका.
❌ हवा भरताना टायरच्या बाजूला, डिस्कसमोर उभं राहू नका. लांब पाइप आणि चिकटून राहणारा नोजल वापरा, नक्षीच्या दिशेला लांब थांबा.
❌ टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंग करू नका, हवा सोडलेली असली तरीही. आत वायू तापून टायर स्फोटासारखा फुटतो.
❌ जुनी ताणलेली ट्यूब नव्या मापाला वापरू नका. घडी पडते आणि तिथेच फाटते.
✅ चाक बसवल्यावर पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर नट पुन्हा आवळा.

*थोडक्यात:* रिमचा ठसा ➡️ मोकळी जागा ➡️ टू-व्हील की फोर-व्हील ➡️ पिकाची ओळ ➡️ घसर. या पाचही गोष्टी जुळल्या तरच खिशात हात घाला.

ज्यांचा बेत पक्का होत आलाय, त्यांनी तीन फोटो ग्रुपवर न टाकता मला वेगळे पाठवा: रिमवरचा ठसा, सध्याच्या टायरवरचे आकडे आणि मडगार्डजवळची जागा. सोबत मॉडेल आणि मुख्य पीक लिहा. बघून सांगतो. टायरचा ॲडव्हान्स मात्र त्यानंतरच द्या.

आपला,
कृषी सल्लागार