हांगझोऊचे पश्चिम सरोवर : हिवाळ्यात काय पाहावे?

चीनला जाणाऱ्या समूह सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत शांघायच्या पाठोपाठ बहुधा हांगझोऊचे नाव असते. झेजियांग प्रांताची ही राजधानी शांघायहून अतिवेगवान रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. २०२३च्या आशियाई क्रीडा स्पर्धा येथे झाल्या आणि भारताने १०७ पदके मिळवली, त्यामुळे हे नाव आपल्याकडेही परिचित झाले. चिनी माणसाच्या मनात मात्र हांगझोऊ म्हणजे शीहू, अर्थात पश्चिम सरोवर. हिवाळ्यात तेथील झाडे निष्पर्ण होतात, कमळांचे केवळ सुकलेले देठ उरतात. मग डिसेंबर-जानेवारीत तेथे जाऊन पाहायचे तरी काय?

याचे उत्तर सरोवराच्या इतिहासात आहे. छ्यांतांग नदीच्या मुखाजवळच्या उथळ खाडीचे तोंड गाळाने बुजले आणि आत अडकलेल्या पाण्याचे हे सरोवर झाले. अशा जलाशयाचे भवितव्य ठरलेले असते. गाळ साचतो, पाणवनस्पती माजतात, दलदल होते आणि अखेर जमीन उरते. सुमारे साडेसहा चौरस किलोमीटरचे हे सरोवर आजही सरासरी दोन-अडीच मीटरच खोल आहे. ते टिकले, याचे श्रेय शतकानुशतके गाळ उपसणाऱ्या माणसांना द्यावे लागते.

नवव्या शतकात येथे प्रशासक म्हणून आलेले कवी बाय जुयी यांनी शेतीला पाणी मिळावे यासाठी बांध घातला. १०८९ साली कवी सू शी येथे आले, तेव्हा सरोवराचा मोठा भाग वनस्पतींनी गिळला होता. त्यांनी गाळ उपसून घेतला आणि त्याच गाळाचा सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचा दक्षिणोत्तर बांध सरोवरातून घातला. त्यावर सहा कमानदार पूल आहेत. पाण्यातील तीन दगडी स्तंभ आज एक युआनच्या नोटेवर दिसतात. त्यांचा मूळ हेतूही व्यावहारिकच होता : या सीमेच्या आत कोणी पाणवनस्पतींची लागवड करू नये! पर्यटक ज्याचे निसर्गशोभा म्हणून छायाचित्र घेतात, ते असे मुळात पाटबंधाऱ्याचे काम आहे. युनेस्कोने २०११ मध्ये या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही 'सांस्कृतिक भूदृश्य' या नावाने.

वसंतात विलो वृक्षांची हिरवाई आणि माणसांची गर्दी या रचनेला झाकून टाकते. हिवाळ्यात बांधाची रेषा, पुलांच्या कमानी आणि मागच्या डोंगरांच्या रांगा स्पष्ट दिसतात. सरोवराच्या दहा प्रसिद्ध दृश्यांपैकी 'तुटक्या पुलावरील उरलेले बर्फ' हे तर हिवाळ्याचेच. हा पूल प्रत्यक्षात तुटलेला नाही. उन्हाकडचे बर्फ आधी वितळते आणि सावलीतले राहते, म्हणून दुरून तो तुटल्यासारखा भासतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. अर्थात येथे बर्फ पडते ते मोजके दिवस. त्यावर भिस्त ठेवून सहल आखू नये. फेब्रुवारीच्या सुमारास गूशान बेटावर प्लमचा बहर मात्र पाहायला मिळतो.

भारतीय पर्यटकाने लिंगयिन मंदिर चुकवू नये. चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने त्याची स्थापना केली, अशी परंपरा सांगते. समोरची टेकडी पाहून त्याला मगधातील गृध्रकूट आठवला आणि तो भारतातून उडून येथे आला असावा, असे तो उद्गारला. त्या टेकडीला आजही 'उडून आलेले शिखर' म्हणतात. तिच्या कातळात दहाव्या ते चौदाव्या शतकांत कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत.

आता काही व्यावहारिक बाबी. जानेवारीत सरासरी तापमान पाच अंश सेल्सियसच्या आसपास असते. पण हवा दमट असल्याने थंडी हाडांपर्यंत पोचते. उत्तर चीनसारखी सार्वजनिक उष्णता पुरवठ्याची व्यवस्था या भागात सर्वत्र नाही, म्हणून घरातही लोक गरम कपड्यांत दिसतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यास येणाऱ्या चिनी नववर्षाच्या सुटीत सरोवराकाठी मोठी गर्दी लोटते, ते दिवस टाळावेत. लोंगजिंग चहाची सर्वांत मानाची खुडणी एप्रिलच्या आरंभीपूर्वी होते; हिवाळ्यात 'ताजा' म्हणून दाखवला जाणारा चहा त्यामुळे आधीच्या हंगामातलाच असतो. पर्यटकांवर खरेदीची सक्ती करण्यास चीनच्या २०१३च्या पर्यटन कायद्याने मनाई केली आहे, हेही ध्यानात असावे. भारताने चिनी नागरिकांना पर्यटन व्हिसा देणे जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू केले आणि थेट विमानसेवाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्ववत होऊ लागली.

समूह सहलीत सरोवराच्या वाट्याला बहुधा एक नौकाविहार आणि तासभराची फेरी येते. तेवढ्यात सरोवर उरकते, पण कळत नाही. यावर उपाय अवघड नाही. नाव नोंदवतानाच मुक्काम सरोवरालगत आहे की शहराबाहेर, हे विचारून घ्यावे. २००२ पासून काठावरील उद्याने विनामूल्य खुली आहेत. बस सुटण्यापूर्वी, धुके पाण्यावर असतानाच सू शींच्या बांधावरून दोन-तीन पुलांपर्यंत चालून यावे. आपण हजार वर्षांपूर्वी उपसलेल्या गाळावर चाललो आहोत, एवढे स्मरणात राहिले तरी त्या पहाटेचे सार्थक होईल.