काहिलीतला तापमापक

सातारा-सांगलीच्या गुऱ्हाळांवर गूळ कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का, ते पाहतो. या कसबाला डिजिटल तापमापकाची जोड द्यायला हवी. रस आटतो तसे साखरेचे प्रमाण वाढते आणि उकळबिंदू चढतो. म्हणून तापमानावरून पाकाचा घट्टपणा कळतो. काकवीसाठी साधारण १०५, ढेपेसाठी ११८ अंश सेल्सिअस. लवकर उतरवला तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. तापमापकाचे टोक पाकात बुडवावे, पण तळाला टेकवू नये. तळ जास्त तापलेला असतो. आधी उकळत्या पाण्यात आकडा तपासावा. सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या साताऱ्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. १०० पेक्षा जेवढे कमी, तेवढे गुळाच्या आकड्यातूनही वजा करावे.