नियम बदलला की सॉफ्टवेअर का अडते? समजून घ्या

जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. तुपावरील कर १२ वरून ५ टक्के झाला, तर एअर कंडिशनरवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरचा. म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअर बदलायला तीन आठवडेही नव्हते.

फक्त दरच बदलतात का?

नाही, कामाची पद्धतही बदलते. पूर्वी बिल छापले की माल गाडीत चढायचा. ई-इनव्हॉइस आल्यावर मध्ये एक टप्पा वाढला. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेले बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवायचे, क्रमांक आणि क्यूआर कोड मिळवायचा आणि मगच ते ग्राह्य. १ ऑक्टोबर २०२० रोजी ही सक्ती ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना होती. १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली.

अडचण कुठे येते?

‘१२ टक्के’ हा आकडा थेट कोडमध्ये लिहिलेला असतो, तोही बिल, परतावा, अहवाल अशा अनेक ठिकाणी. एक जागा बदलायची राहिली तरी हिशेब चुकतो. त्याचा फटका दुकानदाराला बसतो आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्यालाही.

उपाय काय?

नियम कोडबाहेर, तक्त्यात ठेवायचे आणि प्रत्येकापुढे लागू होण्याची तारीख लिहायची. जुनी ओळ पुसायची नाही. ऑगस्टमध्ये विकलेले तूप ऑक्टोबरमध्ये परत आले, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या १२ टक्क्यांनीच निघते. कामाचे टप्पेही असेच यादीत ठेवले, तर नवा टप्पा मध्ये घालता येतो.

मग सगळेच बदलता येण्याजोगे का नको?

शेकडो सेटिंग असलेले सॉफ्टवेअर कोणालाच नीट कळत नाही आणि एका चुकीच्या क्लिकने दिवसभराची बिले बिघडू शकतात. म्हणून जे वारंवार बदलते तेवढेच मोकळे ठेवावे, बाकीचे पक्के.

सॉफ्टवेअर घेताना हे विचारा

- नवा दर आधीच भरून पुढची तारीख देता येते का?
- जुनी बिले जुन्याच दराने उघडतात का?
- नियम कोणी, कधी बदलला याची नोंद राहते का?

तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर पुढचा बदल बराच सोपा जाईल.