भाड्याच्या मोटारीनें मोहर्लीस

आमच्या लहानपणीं वऱ्हाड-नागपुराकडे भाड्याची गाडी म्हटली म्हणजे दमणी, छकडा अगर टांगा डोळ्यांपुढें येई. गाडी परक्याची असली तरी हांकणारा तिच्याबरोबरच येत असे; वाटेची, बैलांची आणि उतारूंची काळजी त्याच्या माथीं असे. आतां गाडी मिळते, पण हांकणारा मिळत नाहीं. तें काम आपणच पत्करावयाचें असतें. १९८९ सालच्या 'रेंट-अ-कॅब' योजनेनें ह्या व्यवसायास कायद्याची चौकट मिळाली. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक लिहिलेली मोटार रस्त्यांत दिसली, कीं ती चालविणारा तिचा मालक नव्हे हें ओळखावें. गेल्या चैत्रांत अशीच एक मोटार घेऊन मी नागपुराहून ताडोबाच्या मोहर्ली दरवाजापर्यंत गेलों. त्या प्रवासांत त्या वाहनाविषयीं जें ध्यानांत आलें तें आज सांगणार आहें.

कागदपत्रांचा भाग थोडक्यांत आटोपतों. मोटार ताब्यांत घेण्यापूर्वीं तिच्या चारी अंगांचीं छायाचित्रें घ्यावींत, जुने ओरखडे लिहून घ्यावेत, स्टेपनी व जॅक प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावा, आणि दिवे मालकाच्या माणसासमोर लावून पाहावेत. पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालविण्याच्या परवान्याचें नूतनीकरण एका वेळीं पांचच वर्षांचें होतें, तेव्हां माझ्या वयाच्या मंडळींनीं आपली मुदत आधीं तपासावी. भाड्याचा हिशेब २४ तासांचा असतो. उशीर झाल्यास तासागणिक जादा रक्कम द्यावी लागते. ही घड्याळाची अट लक्षांत असूं द्या. पुढें तिच्याशीं आपलें काम आहे.

मला मिळालेली मोटार ही हल्लीं जिला मध्यम आकाराची एस्. यू. व्ही. म्हणतात त्या वर्गांतली होती. कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ह्या वर्गांतल्या पांच-सहा मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या केल्या तर माझ्यासारख्यास त्या केवळ नाकावरच्या चिन्हावरून ओळखूं येतील. ह्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतली जीप. १९४७ पासून महिंद्र मंडळींनीं मुंबईत विलीज जीपा जुळविण्यास आरंभ केला. पुढें १९९८ सालीं टाटांची सफारी आली, २००२ सालीं नाशकास तयार होणारी स्कॉर्पिओ आली, आणि उंच मोटार ही पाटील-देशमुखांच्या वाड्यापुढून शहरांतल्या सोसायट्यांच्या आवारांत शिरली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तर मध्यमवर्गीय कुटुंबाची ती जणूं नित्याचीच मोटार होऊन बसली आहे.

परंतु नांवावरून जी कल्पना होते ती पुष्कळदां खरी नसते. जीपेला स्वतंत्र पोलादी सांगाडा असतो, त्यावर धड बसविलेलें असतें. आणि गरज पडेल तेव्हां चारही चाकांना इंजिनाचा जोर देतां येतो. आजच्या मध्यम आकाराच्या बहुतेक मोटारींत सांगाडा आणि धड हीं एकजीव असतात, व जोर पुढच्या दोनच चाकांना मिळतो. म्हणजे कुळी जीपेची सांगितली तरी रक्त साध्या मोटारीचें! फरक आहे तो उंचीचा. साध्या मोटारीचें पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटर असलें तर हिचें १९-२० असतें. तेवढ्यानें गतिरोधकावर पोट घासत नाहीं, खेड्याकडल्या खडबडीत वाटेनें जीव मुठींत धरावा लागत नाहीं, आणि मुख्य म्हणजे चढतां-उतरतांना वांकावें लागत नाहीं. आमच्या कुटुंबाचे गुडघे गेलीं चार वर्षें कुरकुरतात; त्यांनीं तर पहिल्या पांच मिनिटांतच ह्या मोटारीस पसंतीचा शेरा देऊन टाकला. खुर्चीवर बसावें तसें हिच्यांत बसतां येतें, हा लाभ लहान नव्हे.

नागपूर ते चंद्रपूर हें अंतर सुमारें १५० किलोमीटर. बुटीबोरी, जांब, आनंदवनामुळें प्रसिद्ध झालेलें वरोरें, मग भद्रावती, असा हा मार्ग आहे. रस्ता रुंद, मोटार नवी. सांगण्यासारखें कांहीं घडलें नाहीं, आणि नेमकें हेंच मला सांगावयाचें आहे. कांट्याकडे नजर गेली तेव्हां तो नव्वदावर होता, आणि माझ्या अंगाला मात्र साठाहून अधिक वेग जाणवत नव्हता. असें कां व्हावें? वेग आपल्याला आंकड्यानें कळत नाहीं. तो कळतो वाऱ्यानें, आवाजानें, हादऱ्यानें, आणि डोळ्यांच्या कडेनें मागें पळणाऱ्या जमिनीनें. ह्या मोटारीच्या कांचा बंद, आंत गारवा, इंजिनाचा आवाज दबलेला, धक्के शोषून घेतलेले. आसन उंच असल्यामुळें जवळची जमीन नजरेखालून निघून जाते व दूरची दिसत राहते. आणि दूरची वस्तु नेहमीं सावकाश सरकतांना दिसते, हें आगगाडींत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. सारांश, वेगाची खबर आणणारे चारही दूत ह्या मोटारीनें दाराबाहेर उभे केलेले असतात. हमरस्त्यावर ह्याला आराम म्हणतात. चंद्रपुराच्या पुढें गोष्ट बदलते.

चंद्रपूर सोडलें कीं औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, कोळशाच्या खाणी आणि काळ्या धुळीनें माखलेले ट्रक दिसतात. पद्मापूर मागें पडलें कीं साग, बांबू, मोह आणि तेंदूचें रान सुरूं होतें. तेथून आगरझरीवरून मोहर्ली. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ चें, अंधारी अभयारण्य १९८६ चें. १९९५ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याभोंवतीं सुमारें ११०० चौरस किलोमीटरची जी पट्टी आहे तिला बफर म्हणतात. आपला रस्ता ह्या बफरांतून जातो. गाभा आणि बफर यांच्यामध्यें कुंपण नाहीं. वाघ, अस्वल, सांबर, रानडुक्कर हीं ह्या रस्त्यावरून आडवीं जातात. त्याच रस्त्यानें सायकलवाले, शाळकरी मुलें आणि चैत्रांत पहांटे मोहफुलें वेंचावयास निघालेल्या बायकाहि जातात. प्रवासी ज्याला जंगल म्हणतो तें त्यांचें अंगण आहे.

येथें एक हिशेब मांडतों; शिक्षकाची खोड सुटत नाहीं, त्याला इलाज नाहीं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें ११ मीटर, आणि ८० म्हणजे २२. समोर कांहीं दिसल्यापासून ब्रेक प्रत्यक्ष धरूं लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यांत ४० च्या वेगाची मोटार १७ मीटर आणि ८० ची ३३ मीटर पुढें निघून गेलेली असते. मग ब्रेक आपलें काम करूं लागतो. कोरडा डांबरी रस्ता व चांगले टायर धरले तर ४० च्या वेगास थांबण्यास सुमारें ९ मीटर पुरतात. ८० ला दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे सुमारें ३५ मीटर लागतात. कारण गतींतली शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एकूण बेरीज ४० ला २६ मीटर आणि ८० ला ६८ मीटर. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधलें अंतर २० मीटर असतें. म्हणजे ८० च्या वेगानें जाणारा मनुष्य तीन खेळपट्ट्या ओलांडून मग थांबणार!

आतां ह्याला अंधाराची जोड द्या. समोरच्या वाहनास त्रास नको म्हणून आपण जो डिपर लावतों त्याचा उपयोगी प्रकाश साधारण ४०-५० मीटरपर्यंत पोंचतो. सांबर तर अंगानें गडद तपकिरी. तें वळून पाहील तेव्हांच डोळे चमकतात, एरवीं तें झाडाच्या बुंध्यासारखें. म्हणून डिपरवर ८० च्या वेगानें जाणारा चालक कितीहि निष्णात असला, तरी जें दिसेल त्याच्या अलीकडे थांबणें त्याला अशक्य आहे. येथें कौशल्याचा प्रश्नच उरत नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत बोर प्रकल्पांतला 'बाजीराव' म्हणून प्रसिद्ध असलेला वाघ नागपूर-अमरावती हमरस्त्यावर बाजारगांवाजवळ अशाच एका वाहनाच्या धडकेनें मेला. नागपुराहून शिवनीकडे जातांना पेंचच्या अरण्यांत रस्ता खांबांवर उचलून धरलेला आहे, आणि वाघ-चितळें त्याच्या खालून जातात. ती योजना उत्तम आहे. परंतु बफरांतल्या प्रत्येक वाटेवर असे पूल बांधले जाणार नाहींत. तेथें चालकाचा उजवा पायच काय तो पूल.

जनावर समोर आलें तर चुकवावें कीं थांबावें, असें कोणी विचारील. उंच मोटारीचा भारहि उंचावर असतो, आणि डोक्यावरची भरलेली घागर जशी एकाएकीं वळतांना हिंदकळते तशी ही मोटार जोरानें वळविली असतां कलते. कडेच्या मुरुमांत चाक उतरलें तर उलटण्याचीहि धास्ती. म्हणून स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक पूर्ण दाबावा हेंच बरें. चाकें जखडूं न देण्याची योजना आतां ह्या वर्गांतल्या सर्व नव्या मोटारींत असते. त्या वेळीं पायाखालीं जी थरथर लागते ती बिघाडाची नव्हे, पाय काढूं नये. आणि एक चितळ आडवें गेलें म्हणून लगेच वेग वाढवूं नये. चितळें कळपानें चालतात, मागें आणखी असतात.

ह्या उंचीचा दुसरा एक गुण फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. मोहर्लीस मोटार उभी करून, इंजिन बंद करून, मीं माझ्या सहा वर्षांच्या नातीला बॉनेटपुढें उभें राहावयास सांगितलें. मी चालकाच्या जागेवर ताठ बसलों होतों, तरी मुलगी मला दिसेना. ती चार-पांच पावलें मागें सरकली तेव्हां तिच्या डोक्यावरची रिबीन दिसूं लागली. मोटार सुरू करण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक फेरी मारावी हा नियम मीं त्या दिवसापासून घालून घेतला आहे. खेड्यांतल्या चहाच्या टपरीपुढें, जेथें पोरें आणि कुत्रीं मोटारीला टेंकूनच उभीं असतात, तेथें तर तो मोडूंच नये.

मोहर्लीच्या दरवाजाशीं आपली मोटार थांबते. आंत जावयाचें तें प्रकल्पांत नोंदलेल्या उघड्या जिप्सींतून, स्थानिक चालक आणि वाटाड्या बरोबर घेऊन. कित्येक प्रवाशांना ह्याचा राग येतो. आपली मोटार अधिक मोठी, अधिक महाग, मग तिनें कां जाऊं नये? जिप्सी १९८५ सालीं आपल्याकडे आली आणि २०१९ च्या सुमारास बाजारांतून गेलीहि. गारवा नाहीं, गादी कठीण, पाठीचा हिशेब दुसऱ्या दिवशीं चुकता होतो. पण तिला तो जुना स्वतंत्र सांगाडा आहे, चारही चाकांना जोर आहे, वजन साऱ्या टनाच्या आसपास. आणि तिला कांचा नाहींत. हें शेवटचें कलम सर्वांत महत्त्वाचें. आमच्या वाटाड्यानें दोनदां जिप्सी थांबवून इंजिन बंद करविलें. पहिल्यानें कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग दूर कोठें तरी वानर खेकसलें, त्यामागून चितळाची तीक्ष्ण हांक आली, आणि आंतल्या बाजूस सांबराचा एकच भरदार आवाज झाला. वाटाड्यानें बोटानें दिशा दाखविली. वाघ त्या दिवशीं दिसला नाहीं, परंतु तो कोणीकडून कोणीकडे चालला आहे हें आम्हीं कानांनीं पाहिलें. बंद कांचेच्या मोटारींतून आलों असतों तर अरण्याचें नुसतें मुकें चलच्चित्र पाहून परत गेलों असतों.

जिप्सी म्हणजे सर्व आलबेल, असें मात्र नव्हे. २०२४ सालच्या अखेरच्या दिवशीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आपल्या बछड्यांसह वाटेवर असतां पर्यटकांच्या वाहनांनीं दोन्ही बाजूंनीं तिला कोंडलें, आणि त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन घेतली. वाहन कोणतेंहि असो, पुढें जनावर दिसलें कीं मागें सरावयाचें, हें हांकणाऱ्याला शिकवावें लागतें.

आतां त्या घड्याळाच्या अटीकडे वळतों. दुपारची फेरी दिवस मावळतां संपते. प्रवासी धुळीनें माखलेले, मुलें पेंगुळलेलीं, आणि मोटार सकाळीं नागपुरांत पोंचती न केल्यास जादा भाडें. मग तो विचार करतो, कीं आतांच निघावें. जनावरें पाण्याकडे निघण्याची आणि माणसें घराकडे परतण्याची तीच वेळ; त्याच वेळीं हा गृहस्थ गार, निःशब्द, उंच मोटारींत बसून पद्मापुराकडे सुटतो. मोहर्ली ते चंद्रपूर हें अंतर सुमारें ३० किलोमीटर. तें ४० च्या वेगानें तोडण्यास ४५ मिनिटें लागतात, ८० च्या वेगानें साडेबावीस. साऱ्या धांवपळीची कमाई एवढीच, साडेबावीस मिनिटें!

आम्हीं रात्रीं मोहर्लीसच राहिलों. शासकीय आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या निवासांची तेथें सोय आहे. आधीं नोंदवावें लागतें इतकेंच. उजाडल्यावर निघालों आणि पद्मापूरपर्यंत कांटा चाळिसाच्या वर जाऊं दिला नाहीं. कांचा खालीं केल्या होत्या. एका वळणावर तीन बायका डोक्यावर मोहफुलांच्या टोपल्या घेऊन रस्त्याच्या मध्यावरूनच चालल्या होत्या. आमचा आवाज ऐकून त्या सावकाश बाजूस झाल्या, आणि आम्हीहि सावकाश गेलों. नागपुरास मोटार परत करतांना पांच तासांचें जादा भाडें भरावें लागलें. पावतीवर तें 'विलंबशुल्क' ह्या सदराखालीं लिहिलेलें आहे.