अंजिराचे झाड सुकत चालले आहे? उपटण्याआधी हे करून पाहा

परसातल्या अंजिराची पाने पिवळी पडली, गळाली, कोवळी फळेही टपाटपा खाली पडू लागली की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: भरपूर पाणी आणि मूठभर खत. आजारी अंजिराचे सर्वात जास्त नुकसान याच दोन गोष्टींनी होते. हे झाड वड, पिंपळ आणि उंबराच्या कुळातले, म्हणजे मुळात चिवट. वरून वाळलेले दिसले तरी खोडात आणि मुळांत जीव असेल, तर ते पुन्हा फुटते. मात्र आधी दुखणे काय आहे ते ओळखावे लागते.

झाड जिवंत आहे का?

शेंड्याकडच्या फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर थोडे खाली सरकून पुन्हा खरवडा. असे करत बुंध्यापर्यंत या. फांद्या मेल्या असल्या तरी बुंधा हिरवा असेल, तर झाड वाचण्याची चांगली आशा आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अंजीर हे पानगळ होणारे झाड आहे. विश्रांतीच्या काळात त्याने पाने टाकली तर तो आजार नव्हे. वाढीच्या हंगामात पाने गळत असतील तरच काळजी करा.

नेमके बिघडले कुठे?

*मुळांशी पाणी साचणे.* घरच्या बागेत हे कारण सर्रास आढळते. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो भाग कमी पावसाचा, तिथली जमीन निचऱ्याची. यावरून या झाडाची आवड कळते: पाणी मिळावे, पण ते थांबू नये. चिकट काळी माती किंवा तळाची भोके बुजलेली कुंडी असेल तर मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही पाने मलूल होतात. आपल्याला वाटते झाड तहानलेले आहे, आणि आपण आणखी पाणी घालतो. माती ओली आणि पाने मलूल, असे दिसले की पाणी थांबवा. मातीला कुबट वास येतो का, तेही पाहा.

*तांबेरा.* पावसाळ्यात आणि त्यानंतर पानांच्या खालच्या बाजूला तांबूस-तपकिरी पुटकुळ्या येतात, बोट फिरवल्यास भुकटी लागते. ही बुरशी वाढली की झाड जवळजवळ उघडे पडते.

*खोडकिडा.* खोडावर भोक आणि त्यातून बाहेर आलेला लाकडाचा भुसा ही याची खूण. अळी आतून खोड पोखरते. बाकी झाड ठीक असताना एखादीच फांदी अचानक वाळली, तर आधी इथे बघा.

*सूत्रकृमी.* झाड वर्षानुवर्षे खुरटलेले असेल, तर बाजूची थोडी माती उकरा. बारीक मुळांवर गाठी दिसल्या तर हे कारण असू शकते.

फळगळ दिसली की परागीकरण झाले नसावे, अशी शंका अनेकांना येते. काही परदेशी प्रकारांना त्यासाठी विशिष्ट माशी लागते हे खरे. आपल्याकडच्या नेहमीच्या पुणे अंजिराला तिची गरज नसते. इथे फळगळीमागे बहुधा पाण्याची ओढाताण किंवा रोग असतो.

उपचार, क्रमाने

1. निचरा सुधारा. जमिनीतल्या झाडाच्या आळ्यात पाणी तुंबत असेल तर बाहेर जायला चर काढा. बुंध्याला चिकटलेली माती दूर करा. कुंडीतले झाड अलगद बाहेर काढून काळी, मऊ पडलेली मुळे कापून टाका. मग माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात ते पुन्हा लावा.

2. मेलेले लाकूड काढा. कोरड्या दिवशी, धारदार कात्रीने, हिरवा भाग लागेपर्यंत छाटा. जिवंत फांद्यांची मोठी छाटणी पाऊस सरल्यावर करा. अंजिराची बरीचशी फळे नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीने नुकसान होत नाही. मात्र ऐन उन्हाळ्यात झाड बोडके करू नका, उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. तशी वेळ आलीच तर खोडाला चुना लावा. छाटताना निघणारा पांढरा चीक कातडीला लागून ऊन पडले की आग होते, फोडही येतात. हातमोजे घाला.

3. रोग आणि कीड आवरा. तांबेऱ्याची गळलेली पाने गोळा करून बागेबाहेर टाका, खतखड्ड्यात नको. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी उपयोगी पडते. लिटरभर पाण्यासाठी 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा. फळे काढणीला आली असतील तर फवारू नका. खोडकिड्याच्या भोकात तार घालून अळी मारा आणि भोक चिखलाने बंद करा. सूत्रकृमींसाठी आळ्यात निंबोळी पेंड मिसळा, भोवती झेंडू लावा.

4. पाणी मोजून द्या. बोटाची दोन पेरे मातीत घाला. तिथे कोरडे लागले तरच पाणी द्या. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करा, पण ते बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा.

5. खत शेवटी. नवी पाने पूर्ण उघडेपर्यंत थांबा. दुखऱ्या मुळांना रासायनिक खत सोसत नाही. पुढेही शेणखत किंवा गांडूळखत थोडे-थोडे द्या. नत्र जास्त झाले तर पाने माजतात, फळे रुसतात.

फळांचा मोह टाळा

सावरणाऱ्या झाडावर लागलेली पहिली फळे लहान असतानाच तोडा. मन होत नाही, पण त्या वर्षीची ताकद मुळे आणि फांद्यांकडे जायला हवी.

झाड वाचेलच याची खात्री वाटत नसेल, तर त्याचा वंश राखून ठेवा. निरोगी, पक्व फांदीचे पेन्सिलएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे, चार-पाच डोळ्यांचे तुकडे घ्या आणि दोन-तृतीयांश भाग मातीत जाईल असे पिशवीत लावा. सावलीत, बेताच्या ओलाव्यात त्यांना साधारण महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. ही रोपे मूळ झाडाच्याच जातीची असतात.

झाडाला निदान एक पूर्ण हंगाम द्या. बुंध्यापासून नवा फुटवा आला तर त्यातले दोन-तीन जोमदार राखून बाकीचे काढा. हंगाम उलटूनही खोड खालपर्यंत कोरडेच लागले, तर मग झाड काढा. मात्र त्याच खड्ड्यात लगेच नवे अंजीर लावू नका. ज्या कारणाने पहिले गेले, ते मातीत अजून असू शकते.