सिंकार्फा
सिंकार्फा : (लॅ. सिंकार्फा, कुल–कंपॉझिटी, ॲस्टरेसी). दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील काही फुलझाडांच्या [द्विदलिकित वर्ग] प्रजातीचे शास्त्रीय नाव. हिच्यात सु. २८ जातींचा समावेश होतो. फूल सुकल्यावरही त्याचा आकार व बराचसा रंग टिकून राहतो, म्हणून या व यांसारख्या इतर वनस्पतींच्या फुलांना ‘अम्लानपुष्पे’ (न कोमेजणारी फुले) असे म्हटले जाते. आफ्रिकान्स भाषेत अशा फुलांना ‘सेवेयार्की’ म्हणतात. सात वर्षे टिकणारे, असा त्या नावाचा आशय आहे. प्रजातिवाचक नाव ‘एकत्र’ व ‘खवला’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून आले आहे. यातील अनेक जाती पूर्वी हेलिक्रायसम व हेलिप्टेरम या प्रजातींत घातलेल्या होत्या. स्वीडिश वनस्पतिवैज्ञानिक बेर्टिल नॉर्डेनस्टॅम यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या सिंकार्फात आणल्या. त्यामुळे जुन्या बागविषयक ग्रंथांत त्यांची वर्णने पूर्वीच्या नावांखाली आढळतात.

बागेच्या दृष्टीने सिं. व्हेस्टिटा ही जाती महत्त्वाची आहे. हे सु. १ मी. पर्यंत उंच, मऊ लाकडाचे, तळापासून फांद्या फुटणारे झुडूप असून त्याच्या सर्वांगावर करड्या रंगाची दाट लव असते. पाने साधी, बिनदेठाची व लोकरीसारख्या लवेमुळे स्पर्शाला मखमली असतात. या लवेमुळे प्रखर ऊन परावर्तित होते आणि कोरड्या वाऱ्यात पानांतून होणारे बाष्पोच्छ्वसन कमी होते. स्तबक (गेंदासारखे फुलोरे) ३–४ सेंमी. व्यासाचे, पांढरे शुभ्र असून त्यांचा मध्यभाग गडद असतो. त्या प्रदेशातील उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत, ते येतात. वणव्यानंतर काही डोंगरउतार या फुलांनी इतके भरून जातात की, दुरून हिम पडल्यासारखे दिसते. इंग्रजीतील नावाचा अर्थही ‘केपचे हिम’ असा आहे. सिं. एक्झिमिया ही दुसरी जाती अधिक उंच वाढते. तिची पाने रुंद व रुपेरी असतात आणि फुलोरे स्ट्रॉबेरीच्या फळासारखे गोलसर व तांबडे असतात. ती थंड, ओलसर, दक्षिणाभिमुख उतारांवर वाढते. सिं. अर्गिरॉप्सिस समुद्राजवळच्या भागात आढळते व तिचे फुलोरे रुपेरी पांढरे असतात.

न कोमेजण्याचे कारण : सामान्यतः पाकळ्या म्हणून जे भाग ओळखले जातात, त्या येथे पाकळ्या नसतात. खरी पुष्पके अतिशय लहान, नळीसारखी व मध्यभागी दाटीने असतात. त्यांच्याभोवतीची पांढरी किंवा रंगीत वर्तुळे ही छदांची (फुलोऱ्याला वेढणाऱ्या, पानांचे रूपांतर झालेल्या उपांगांची) असतात. छदांचा वरचा भाग फुलोरा उमलण्याच्या सुमारासच मृत, पातळ व कागदासारखा झालेला असतो. त्यात पाणी फारच थोडे असल्याने ते गेल्यावर आकुंचन पावण्यासारखे काही उरत नाही. कोमेजणे ही जिवंत व पाण्याने फुगलेल्या ऊतकाची (पेशीसमूहाची) अवस्था आहे. जे आधीच वाळले आहे ते कोमेजत नाही. हवा दमट झाली म्हणजे छद आतल्या बाजूस मिटतात व ऊन पडताच पुन्हा पसरतात. छदाच्या तळाशी असलेल्या बाहेरच्या बाजूच्या पेशी पाणी शोषून अधिक फुगतात, त्यामुळे छद आत झुकतो. ही हालचाल केवळ भौतिक असल्याने तोडून वाळविलेल्या फुलांतही ती दिसते. पावसात परागांचे रक्षण होणे हा तिचा उपयोग आहे.

फुलाच्या या टिकाऊपणावरून झाड दीर्घायुषी असावे असा समज होतो. तो बरोबर नाही. सिं. व्हेस्टिटा ही अल्पायुषी वनस्पती असून ती काही वर्षांत संपते. तिची परंपरा फुलावर नव्हे, तर जमिनीत पडून राहिलेल्या बियांवर अवलंबून असते.

वणवा व धूर : केप प्रदेशातील ‘फाइनबॉस’ नावाच्या बारीक पानांच्या झुडुपांच्या वनश्रीला साधारणतः १० ते ३० वर्षांच्या अंतराने वणवे लागतात. मोठी झुडुपे जळून जमीन उघडी पडली की, सिंकार्फाची सुप्त बीजे पुढील थंड व पावसाळी ऋतूत एकदम रुजतात. नवी झाडे लवकर फुलतात, बी टाकतात आणि आजूबाजूची झुडुपे वाढून सावली दाट झाली म्हणजे नाहीशी होतात. ही बीजे नेहमीच्या पद्धतीने पेरल्यास फारच थोडी रुजतात, हा माळ्यांचा जुना अनुभव होता. उष्णता हेच रुजण्याचे कारण असावे असे बराच काळ मानले जाई. १९९० मध्ये द लांगे व बूशे यांनी ऑदोइनिया कॅपिटॅटा या केपमधील दुसऱ्या एका दुर्मिळ झुडुपावर प्रयोग करून, वनस्पती जाळून निघालेल्या धुराने बीजांकुरण होते असे दाखवून दिले. १९९३ मध्ये नेव्हिल ब्राऊन यांनी सिं. व्हेस्टिटाच्या बाबतीत धूर, धुराचा पाण्यातील अर्क व जळक्या लाकडाचा अर्क या तिन्हींनी बीजांकुरण वाढते असे सिद्ध केले. २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनी धुरातील एक क्रियाशील संयुग स्वतंत्रपणे ओळखले. ते अत्यल्प प्रमाणातही परिणामकारक असते. त्याला पुढे कॅरिकिनोलाइड हे नाव मिळाले. आग न लावता आगीचा संदेश बीजापर्यंत पोहोचविणे यामुळे शक्य झाले आणि या फुलझाडांची बागेतील लागवड सुकर झाली.

लागवड : अभिवृद्धी बियांपासून करतात. बी ताजे व भरलेले असावे. बरीच फळे पोचट निघतात. धूर देण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पिंपात वाळलेल्या व हिरव्या पालापाचोळ्याचे मिश्रण धुमसत ठेवून त्याचा धूर नळीने, प्लॅस्टिकच्या कापडाने झाकलेल्या बियांच्या तबकांवर सोडतात. तबकांपर्यंत धूर थंड होऊन पोहोचला पाहिजे. नंतर तबकांना हलके पाणी दिले म्हणजे धुरातील द्रव्ये बियांपर्यंत उतरतात. दुसऱ्या रीतीत धूर पाण्यात विरघळवून त्या पाण्यात बी सु. २४ तास भिजवितात. धुराच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कागदाच्या चकत्याही वापरात आहेत. अर्क पुरेसा सौम्य करून घेणे आवश्यक असते. तो तीव्र असल्यास बीजांकुरण वाढण्याऐवजी रोखले जाते.

पेरणी त्या प्रदेशातील शरद ऋतूत, म्हणजे मार्च ते मे महिन्यांत करतात. दिवसाचे तापमान सु. २०° से. व रात्रीचे सु. १०° से. असे अंतर बीजांकुरणास अनुकूल असते. भरड वाळू व थोडे कुजलेले पान यांचे मिश्रण तबकात भरून बी वर विरळ पसरावे आणि वाळूच्या पातळ थराने झाकावे. रोपांना दोन ते चार खरी पाने आली की, ती लहान कुंड्यांत हलवावीत. मुळे नाजूक असल्याने त्यांच्याभोवतीची माती सुटू देऊ नये. रोपे हाताच्या बोटाएवढी झाल्यावर शेंडा खुडल्यास झुडूप डेरेदार होते. बागेतील कायमची जागा पूर्ण उन्हाची, वारा खेळता असणारी व उताराची निवडावी. जमीन रेताड, आम्ल व पाण्याचा निचरा उत्तम होणारी हवी. चिकण जमिनीत उंच वाफे करून त्यांत वाळू व बारीक खडी मिसळावी. एकेकटे झाड लावण्यापेक्षा पाच-सात झाडांचा समूह अधिक शोभतो.

काळजी : या झाडांचा नाश पाण्याच्या टंचाईपेक्षा पाण्याच्या अतिरेकाने अधिक होतो. हिवाळ्यात पाऊस व उन्हाळ्यात कोरडी हवा हा त्यांच्या मायदेशाचा क्रम आहे. जमीन उबदार असताना ती सतत ओली राहिली, तर फायटोप्थोरासारख्या कवकसदृश सूक्ष्मजीवांमुळे मूळकूज होते व वरून निरोगी दिसणारे झाड अचानक मरते. म्हणून पहिल्या वर्षी मुळे जमिनीत बसेपर्यंत नियमित, नंतर मात्र बेताचे पाणी द्यावे. पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे. लवेवर पाणी साचून राहिल्यास करडी बुरशी येते. बुंध्याभोवती खडीचा थर पसरल्याने खोड कोरडे राहते व तण कमी होते. खत अगदी थोडे लागते. भारी खतांनी वाढ लुसलुशीत होते व झाड लवकर संपते. भोवतालचे तण उपटण्याऐवजी कापावे, म्हणजे मुळांना धक्का लागत नाही. सुकलेले फुलोरे काढताना केवळ हिरव्या भागापर्यंतच छाटणी करावी. जुने, पर्णहीन लाकूड छाटल्यास त्यातून सहसा नवी फूट येत नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा आढळतो. थोडी थंडी ही झाडे सहन करतात, पण सतत गोठणारी जमीन त्यांना मानवत नाही. झाडे अल्पायुषी असल्याने दरवर्षी थोडे बी धुराचा उपचार करून पेरावे, म्हणजे बागेत खंड पडत नाही.

फुले वाळविणे : सजावटीसाठी फुलोरे अर्धवट उमललेले असतानाच, दव उडून गेल्यावर कोरड्या हवेत कापतात. पूर्ण उमललेले फुलोरे वाळताना अधिक पसरतात व त्यांतील पुष्पके गळतात. पाने काढून लहान जुड्या बांधतात आणि त्या अंधाऱ्या व हवेशीर जागी उलट्या टांगून दोन ते तीन आठवडे ठेवतात. उलटे टांगल्याने दांडे सरळ राहतात व अंधारामुळे रंग टिकतो.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रातील हवामानाचा क्रम केपच्या नेमका उलट आहे. जून ते सप्टेंबरमधील उबदार व ओली जमीन ही या प्रजातीला सर्वांत घातक अवस्था होय. त्यामुळे येथील मैदानी बागांत तिची लागवड यशस्वी होण्यासारखी नाही. भारतात हिवाळी हंगामात पिवळ्या, तांबड्या, गुलाबी व पांढऱ्या कागदी फुलांसाठी जे झाड लावतात, ते झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम (पूर्वीचे हेलिक्रायसम ब्रॅक्टिएटम) हे असून ते मूळचे ऑस्ट्रेलियातील आहे. त्याच्या फुलांची रचना व न कोमेजण्याचे कारण हेच आहे. मात्र त्याचे बी धुराशिवाय सहज रुजते. पाऊस ओसरल्यावर ते पेरून झाडे हिवाळ्यात फुलवितात. अम्लानपुष्पांची हौस असणाऱ्यांना येथे तेच सोयीचे ठरते.

संरक्षण : केपमधील जंगली अम्लानपुष्पे पूर्वीपासून पुष्पचक्रे व शोभेच्या जुड्यांसाठी तोडली जातात. फुलोरा तोडला म्हणजे त्याबरोबर त्यातील बीही जाते, हे येथे ध्यानात घेणे महत्त्वाचे आहे. दोन वणव्यांमधील काळात एखाद्या उतारावरील सर्व फुले सतत तोडली गेली, तर जमिनीतील बीजसाठा भरून निघत नाही. वणवा फार लवकर पुन्हा लागल्यास नवी झाडे बी धरण्याआधीच जळतात. उलट, वणवे दीर्घकाळ रोखले गेल्यास रुजण्याची संधीच मिळत नाही. केपमधील संरक्षित प्रदेशांना २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. परंतु वणव्यांचे योग्य अंतर राखणे हे केवळ कुंपणाने साधत नाही. धुराच्या उपचारामुळे ही झाडे बागेत व शेतात पिकविता येऊ लागल्याने फुलांची मागणी लागवडीतून भागविता येते. शिवाय, उजाड झालेल्या जागी बी रुजवून मूळ वनश्री पुन्हा उभी करण्यासही या ज्ञानाचा उपयोग होतो. फूल टिकते ते त्याच्या वाळलेल्या छदांमुळे. वनस्पतीचे टिकणे मात्र योग्य वेळी जमिनीत पडणाऱ्या आणि योग्य वेळी जाग्या होणाऱ्या बीजावर अवलंबून आहे.